पावणेआठ आणे खोकड

माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुठल्याही प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर दिल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. चहा घेणार का, असं विचारलं तर ते क्षणभर डोळे मिटून पोटाचा कानोसा घेतात आणि म्हणतात, "पॉइंट सहा." लग्नानंतर पहिल्यांदा ते आमच्याकडे आले तेव्हा माझ्या बायकोने हे उत्तर ऐकून त्यांच्यापुढे अर्ध्याहून थोडा जास्त भरलेला कप ठेवला होता. त्यावर त्यांनी तिला शांतपणे समजावून सांगितलं, की इच्छा पॉइंट सहा आहे, कप पूर्ण चालेल. तेव्हापासून आमच्या घरात त्यांना काही विचारायचं असेल तर आधी बसून घेण्याची पद्धत आहे. डॉक्टरांकडे गेले तर 'दुखतं का' या प्रश्नाला ते नुसतं ठेवल्यावर किती, दाबल्यावर किती आणि कुणी विचारल्यावर किती, असे तीन आकडे देतात. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की बाकीचे पेशंट नुसते कण्हतात, नीट सांगतो तो हा एकच.

मी स्वतः अगदी उलट्या टोकाचा माणूस. एका सरकारी कचेरीत मी बत्तीस वर्षं कारकुनी केली आणि माझ्या टेबलावर दोन शिक्के असत, एक 'मंजूर'चा आणि एक 'नामंजूर'चा. तिसऱ्या शिक्क्याची मला कधी गरज पडली नाही. श्रीगोंद्याला सासऱ्यांच्या घरी मुलगी बघायला गेलो तेव्हाही पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत मी 'पसंत' म्हणून मोकळा झालो होतो. साडूंचं तसं नव्हतं. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिला बघायला ते माझ्याआधी दोन वर्षं त्याच ओसरीत बसले होते. सासऱ्यांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? साडूंनी सगळ्यांच्या देखत विचार केला आणि म्हणाले, "दहात आठ." ओसरीवर बसलेली सगळी भावकी गार पडली. लग्न झालं, कारण अक्काला हसू आवरेना आणि ती आतून 'चालंल' म्हणाली. पण सासरे जाईपर्यंत कुणालाही सांगायचे, "उरल्यालं दोन कुठं ठिवलं, तेवढं इचारा त्यांना." आणि माझी बायको मात्र अजून मला ऐकवते, की दाजींनी निदान विचार तरी केला.

ते नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. फझी लॉजिक नावाचं शास्त्र त्यांनी पुढे केव्हातरी वाचलं. वाचलं म्हणण्यापेक्षा त्यांना ते भेटलं, जत्रेत हरवलेला भाऊ भेटावा तसं. या शास्त्रात म्हणे कुठलीही गोष्ट नुसती खरी किंवा नुसती खोटी नसते. शून्य म्हणजे अजिबात नाही, एक म्हणजे पुरेपूर, आणि सगळा संसार या दोघांच्या मधे. मी एकदा त्यांना म्हटलं, फझी म्हणजे अंधुक ना, मग हा तर गोंधळाचाच कारभार झाला. ते म्हणाले, "गोंधळ तुमच्या शिक्क्यांत आहे, साडूभाऊ. अर्ध्यावर उभा असलेला माणूस तुम्ही ओढून कुठल्या तरी एका बाजूला नेता." मला राग आला होता, पण तो किती आला होता हे सांगता येईना, म्हणून गप्प बसलो. ज्योतिषावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. तरी पत्रिका जुळवण्याचा विषय निघाला की ते टोपी काढून बसल्यासारखे अदबीने बसतात. ग्रहांचं सगळं खोटं, म्हणतात, पण मांडणी बघा, जुळतं की नाही असं न विचारता छत्तीसपैकी किती जुळतं असं विचारणारे आपलेच लोक ना?

या माणसाने आयुष्यातली शेवटची बारा वर्षं, म्हणजे नोकरीतली शेवटची, एका खोकडावर घालवली. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा चुलतभाऊ, मांजराहून थोडा मोठा, उघड्या माळावर बीळ करून राहणारा, शेपटीचं टोक काळं. आपल्या जिल्ह्यात हे जनावर कुठे कुठे राहत असेल, याचा नकाशा त्यांना करायचा होता. पाऊस, चढउतार, माती, गवत, उसाचं अंतर आणि खोकड दिसल्याच्या जुन्या नोंदी असं सगळं संगणकात घालायचं आणि त्याला विचारायचं, की कुठली जागा या जनावराला किती मानवेल? इथवर मला कळलं. पण हे विचारण्याच्या पद्धती चार, आणि चारींनी चार वेगळे नकाशे दिले. दुसऱ्या कुणीही चारांतला एक बरा दिसतो म्हणून उचलला असता आणि बाकीचे तिघे बासनात बांधले असते. साडूंनी चारही प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदांवर छापून घेतले आणि सावेडीतल्या आपल्या फ्लॅटच्या पूर्वेकडच्या खिडकीवर एकावर एक चिकटवले. सकाळचं ऊन त्यातून आत आलं, की जिथे चौघांचं एकमत तिथे जिल्हा गडद दिसे, आणि जिथे मतभेद तिथे फिका. अक्काने त्या नकाशांना 'चार जावा' असं नाव ठेवलं होतं. एकाच घराबद्दल चौघींचं चार तऱ्हेचं बोलणं, म्हणायची.

साडूंना हे नाव इतकं आवडलं, की त्यांनी पुढचं सगळं शास्त्र मला जावांवरूनच शिकवलं. दोघी जावांचं किती पटतं हे बघायचं तर दोघी मिळून जे कबूल करतात त्याला, दोघींतली एखादी तरी जे म्हणते त्याने भागायचं. थोरली आणि तिसरी यांचं जमे पॉइंट आठ. धाकटीचं कुणाशीच जमत नसे. चौघींचं मिळून एक मत काढायचं तर सावध माणूस प्रत्येक जागेला सगळ्यांत कमी म्हणणारीचं धरतो, आशेवर जगणारा माणूस सगळ्यांत जास्त म्हणणारीचं, आणि साडूंसारखा संसारी माणूस जिच्या तिच्या खरेपणाच्या मानाने वजन देऊन मधला रस्ता काढतो. मी तासन्‌तास त्या खिडकीसमोर बसून ऐकत असे आणि खरं सांगतो, मनातल्या मनात हात जोडत असे. बत्तीस वर्षांत माझ्या टेबलावर एकाच जमिनीबद्दल चार जणांची चार म्हणणी किती वेळा आली असतील, आणि मी दर वेळी तिघांना खोटं ठरवून घरी जेवायला गेलो. हा माणूस कुणालाच खोटं न ठरवता चौघांना एका खिडकीत बसवत होता.

त्या खिडकीत एक ठिपका होता. मिरजगावच्या पलीकडे एका गावचं गायरान, दगडगोट्यांचा उघडा माळ. तिघी जावा म्हणत, इथे काही नाही. धाकटी एकटी हट्टाने म्हणे, आहे. साडूंचा सगळा जीव त्या ठिपक्यावर. भांडण असेल तिथेच शिकायला मिळतं, असं म्हणून ते मला स्कूटरवर मागे बसवत आणि उन्हातान्हाचे त्या माळावर नेत. किती वेळा गेलो असू याची गणती नाही. बिळं होती, पण ती घोरपडीचीही असू शकत. ठसे होते, पण ते कुत्र्याचेही असू शकत. खोकड काही आम्हांला दिसलं नाही. चौघींचं मिळून त्या माळाला साडूंनी जे गुण दिले, ते पॉइंट चार आठ. अर्ध्याला दोन कमी.

आता माझी गोष्ट, म्हणजे माझ्या चुकीची. एका कचेरीकडून साडूंना पत्र आलं. जिल्ह्याच्या त्या भागातल्या पडीक गायरानांवर झाडं लावायची होती आणि त्याआधी अशा सतरा जागांवर कुठलं माळावरचं जनावर राहतं का, हे जाणकारांनी कळवायचं होतं. हेतू चांगला होता आणि विचारण्याची पद्धतही चांगली होती. फक्त फॉर्मला रकाने दोनच होते, 'आहे' आणि 'नाही'. साडू त्या फॉर्मसमोर आठवडाभर बसून राहिले. शेवटी अक्काने तो फॉर्म आणि साडूंच्या सतरा आकड्यांचा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, भाऊजी, हे तुमच्या हातचं काम आहे. मला तर स्फुरणच चढलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या शास्त्राला शेवटी माझ्या कारकुनीची गरज पडली होती. अर्ध्या तासात मी फॉर्म भरला. अर्ध्याच्या वर ते 'आहे', अर्ध्याच्या आत ते 'नाही'. पॉइंट चार आठला मी पेन क्षणभरही थबकवलं नाही. साडूंनी न वाचता सही केली, कारण मी भरला होता.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या माळावर गेलो तेव्हा सगळ्या माळभर पांढऱ्या फक्कीच्या रेघा होत्या, सरळ, समान अंतरावर, आणि प्रत्येक फुलीवर एक खड्डा खणायचा होता. कुंपणाचे खांब येऊन पडले होते. बिळाच्या तोंडावरूनच एक रेघ गेली होती. साडूंनी तिथे बसलेल्या मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, कागदावर 'नाही' आहे साहेब, तुमचीच सही आहे. साडू एका धोंड्यावर बसले. मी समोर उभा राहून सगळं सांगितलं, अर्ध्याचं, वरचं आणि आतलं, आणि म्हटलं की चूक माझी आहे. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले. मग म्हणाले, "तुमची पॉइंट तीन. फॉर्मची पॉइंट सहा. न वाचता सही केली, ती माझी पॉइंट नऊ." माझ्यातला कारकून अशाही वेळी गप्प बसेना. मी म्हटलं, बेरीज एकाच्या वर जाते. ते म्हणाले, "ही वाटणी नव्हे, साडूभाऊ. प्रत्येकाच्या वाट्याला आपापलं पुरेसं येतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

खड्डे आठ दिवसांनी सुरू व्हायचे होते. त्याआधी गावात ग्रामसभा होती, तिथे जाऊन बोलायचं ठरलं. चावडीसमोर शंभरेक माणसं, कचेरीचे एक तरुण साहेब आणि कोपऱ्यात आम्ही दोघं. साडूंनी चारही पारदर्शक कागद आणले होते. ते एकावर एक धरून त्यांनी उन्हासमोर उभे केले आणि अर्धा तास सांगितलं. साहेबांनी मनापासून ऐकलं आणि मनापासून विचारलं, "सर, सगळं खरं, पण खोकड आहे की नाही?" साडू म्हणाले, "पॉइंट चार आठ." सभेत हसू फुटलं. साडू ओशाळे होऊन कागदांची गुंडाळी करायला लागले. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. हा माणूस बारा वर्षं खरं बोलण्यासाठी जिवाचं रान करतो आणि खरं बोलल्यावर लोक हसतात, हे मला सहन होईना. पण मी तरी काय बोलणार होतो, मी तर स्वतःच 'नाही' म्हणून बसलो होतो.

तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक म्हातारे शेतकरी काठीवर रेलून उठले. गावात पिकाची आणेवारी धरायची वेळ आली की पंच म्हणून जे शेताशेतांतून हिंडत, त्यांतले ते सगळ्यांत जुने. आणेवारी म्हणजे यंदा पीक सोळा आण्यांपैकी किती आलं, त्याचा अंदाज. हल्ली सरकार पैशांत मोजतं, पण माणसांच्या तोंडी अजून आणेच आहेत.

"मास्तर, तुमचा त्यो पाइंट म्हंजी आठ आन्याला पाव कमी. व्हय का न्हाई?"

साडूंनी मनात हिशोब केला आणि चेहऱ्यावर असं काही उजाडलं, की मी ते विसरणार नाही. पावणेआठ आणे, म्हणाले, अगदी जवळजवळ तेवढंच.

"मंग हसताय काय रं?" म्हातारे सभेकडे वळले. "आठ आन्याच्या आत आनेवारी लागली म्हंजी पीक न्हाई आसं आपुन कधी म्हन्लो का? आठ आन्याच्या आत म्हंजी गावाला सांबाळून घ्यायचं. शेतसारा थांबवायचा, पोरांची फी माफ करायची. न्हाई न्हवं ते. थोडं हाय, म्हनून जपायचं."

चावडीसमोर बसलेल्या प्रत्येकाला हे पोटातून माहीत होतं. अर्ध्याच्या आतला आकडा म्हणजे काय, हे आमच्या दुष्काळी पूर्वेकडच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आणि मला? अशा आणेवारीच्या याद्या बत्तीस वर्षं माझ्याच टेबलावरून गेल्या होत्या. अर्ध्याच्या आतल्या गावांपुढे सवलतीची खूण मी माझ्याच हाताने केली होती. एकाही गावापुढे मी 'पीक नाही' असं लिहिलं नव्हतं. खोकडाच्या वेळी मात्र मी ते विसरलो. मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं, की सरांनी 'नाही' म्हटलं नव्हतं, फॉर्म मी भरला होता. साहेबांनी फॉर्म मागवला, 'नाही'ची खूण बघितली आणि पेन माझ्यापुढे केलं. मी दोन्ही रकाने सोडून समासात लिहिलं, 'थोडा आढळ. सांभाळून घ्यावे.' रकान्याबाहेर काही लिहिण्याची माझ्या हयातीतली ही पहिली वेळ. झाडं गावाच्या रस्त्याकडेला आणि शाळेच्या आवारात लावायचं ठरलं. माळ राहिला. परतताना साडू स्कूटरवर मोठमोठ्याने एकटेच बोलत होते, की बारा वर्षं जे इंग्रजीत शोधलं ते हे लोक सोळा आण्यांत मांडून बसले आहेत. मला मात्र आनंद खोकडाचा होत नव्हता. ते गुंडाळी सोडून पुन्हा ताठ बसले होते, याचा होत होता.

पुढे दोनेक वर्षांत त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग आला, कडेचं दिसे आणि समोरचं पुसट. ते म्हणत, आता कुठे माझ्या डोळ्यांना शास्त्र कळलं. पण स्कूटर सुटली, वाचन सुटलं, आणि त्यांची मुलगी येऊन त्यांना आणि अक्काला पुण्याला घेऊन गेली. सावेडीच्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे आहे. आठवड्यातून एकदा मी झाडांना पाणी घालायला जातो. चार जावा अजून खिडकीवर आहेत, थोड्या पिवळ्या पडल्या आहेत. सकाळी गेलो तर जिल्हा जमिनीवर पडलेला दिसतो, आणि मी त्याच्यावर पाय न देता कडेकडेने जातो. साडूंचा दर रविवारी फोन येतो. माझी तब्येत, बायकोची तब्येत झाली की थोडं थांबून विचारतात, "माळ?" मी सांगतो की आहे.

गेल्या महिन्यात स्कूटरवर बायकोला मागे बसवून मी एकटाच, म्हणजे त्यांच्यावाचून, तिथे गेलो. ऊन उतरलं होतं. त्यांच्या धोंड्यावर आम्ही दोघं बसलो. बिळाच्या तोंडाशी माती ताजी होती, बोरांच्या बिया पडल्या होत्या. मग गवतात काहीतरी हललं, कुत्र्याहून बारीक, एकदा थांबलं, वळून बघितल्यासारखं झालं आणि शेपूट दिसली. टोक काळं होतं, किंवा सावली होती. बायको म्हणाली, तेच ते. मी तिथूनच फोन लावला आणि जे पाहिलं ते, न वाढवता न घटवता, सगळं सांगितलं. माती, बिया, गवत, शेपूट, सावली.

"किती?" त्यांनी विचारलं.

माझ्या जिभेवर तयार शिक्का होता. तो मी बाजूला ठेवला. डोळे मिटले, त्यांच्यासारखे. "बारा आणे," मी म्हटलं.

साडू म्हणाले, "म्हणजे आहे."

इतक्या वर्षांत हा शब्द असा उघडाबोडका त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी एकट्यानेच नाही, कारण पलीकडून अक्काचा आवाज आला. तिने भांडं खाली ठेवलं असावं. म्हणाली, "खोकडाला आहे म्हणता, आणि माझे राहिलेले दोन?"

"ते केव्हाच झाले," साडू म्हणाले. "कळवायचं राहिलं."

मी फोन आम्हा दोघांच्या मधे धोंड्यावर ठेवला. उजेड होता तोवर माळाकडे बघत बसलो.